औषधाची ॲलर्जी आणि दुष्परिणाम : परिचारिकेने काय विचारावे, काय पाहावे, काय लिहावे

रुग्ण दाखल होताना भरल्या जाणाऱ्या केस पेपरवर ‘औषधाची ॲलर्जी’ अशी एक चौकट असते. तिच्यात बहुतेक वेळा ‘नाही’ असे तरी लिहिलेले आढळते, किंवा एखाद्या औषधाचे नुसते नाव. पुढच्या शिफ्टला या दोन्ही नोंदींचा फारसा उपयोग होत नाही. ‘पेनिसिलिन’ एवढाच शब्द वाचून रात्रपाळीच्या परिचारिकेला हे कळत नाही, की त्या औषधाने रुग्णाला दम लागून शुद्ध हरपली होती की केवळ दोन दिवस पोट बिघडले होते. पहिल्या प्रकारात तेच औषध पुन्हा देणे जिवावर बेतू शकते, तर दुसऱ्या प्रकारात ते न देणे रुग्णाच्या तोट्याचे ठरू शकते. त्यामुळे या विषयातील शुश्रूषेचा मोठा भाग नेमके विचारणे, नेमके पाहणे आणि नेमके लिहिणे यांतच सामावलेला आहे.

तीन वेगळ्या गोष्टी

औषधाच्या मूळ गुणधर्मातूनच निर्माण होणारा आणि मात्रेनुसार कमीजास्त होणारा त्रास म्हणजे दुष्परिणाम. मॉर्फिनने होणारी बद्धकोष्ठता, रक्तदाबाच्या गोळीने येणारी चक्कर, रक्त पातळ करणाऱ्या औषधाने होणारा रक्तस्राव ही त्याची नेहमीची उदाहरणे असून त्यांचा अंदाज आधी बांधता येतो. ॲलर्जी मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. ती थोड्या लोकांनाच होते, अगदी अल्प मात्रेनेही उद्भवू शकते आणि पूर्वी तेच औषध विनातक्रार घेतलेल्या रुग्णालाही होऊ शकते. ‘आधी चालले होते’ हा म्हणूनच निर्धास्त राहण्याचा आधार नव्हे.

तिसरा गट दिसायला ॲलर्जीसारखा असतो, परंतु त्याची यंत्रणा निराळी असते. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून वेगाने दिल्यास चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लाल होऊन खाज सुटते. हे बहुधा वेगामुळे घडते आणि वेग कमी केल्यावर तेच औषध पुढे देता येते. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकाने तीव्र धाप लागते, तीही याच गटातली. हा प्रकार नेमका कोणता, याचे निदान करणे परिचारिकेचे काम नाही. डॉक्टरांना ते करता येईल इतके स्पष्ट वर्णन देणे हे मात्र तिचेच काम आहे.

चुकीचा शिक्का बसल्याने काय होते, हे पेनिसिलिनच्या उदाहरणावरून दिसते. रुग्णालयात येणाऱ्या १०० पैकी सुमारे १० रुग्णांच्या कागदांवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असते, परंतु रीतसर तपासणी केल्यावर त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध चालते असे आढळते. ज्यांना खरोखर तात्काळ स्वरूपाची ॲलर्जी होती, त्यांच्यातही सुमारे ८० टक्के लोकांची ती १० वर्षांत ओसरते. तोपर्यंत या सर्वांना अधिक व्यापक परिणामाची, अनेकदा अधिक त्रासदायक प्रतिजैविके दिली जातात. असे असले, तरी जुना शिक्का परिचारिकेने स्वतःच्या अधिकारात पुसू नये; शंका डॉक्टरांच्या कानावर घालावी आणि तपासणी होईपर्यंत नोंद खरी मानूनच वागावे.

इतिहास विचारण्याची रीत

‘तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का?’ हा प्रश्न पुरेसा नाही, कारण अनेकांच्या मनात ॲलर्जी म्हणजे धूळ किंवा खाण्याचे पदार्थ एवढेच असते. ‘कोणत्याही औषधाने, इंजेक्शनने किंवा सलाइनने तुम्हाला कधी त्रास झाला होता का?’ असे विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. उत्तर मिळाल्यावर तिथेच न थांबता संवाद पुढे न्यावा. उदाहरणार्थ :

‘सिस्टर, मला सल्फाची गोळी चालत नाही.’

‘काका, ती गोळी घेतल्यावर नेमके काय झाले होते?’

‘अंगभर पुरळ उठले होते.’

‘पहिल्याच गोळीनंतर उठले, की काही दिवसांनी? त्या वेळी ताप होता का, तोंडात किंवा डोळ्यांत काही झाले होते का?’

‘आठवड्याने उठले. ओठ सोलले होते, डोळे उघडत नव्हते. दवाखान्यात ठेवले होते.’

पहिल्या उत्तरावर थांबले असते, तर ‘सल्फा – पुरळ’ अशी साधी नोंद झाली असती. शेवटच्या उत्तराने मात्र चित्र पालटते, कारण हे वर्णन त्वचा सोलवटून काढणाऱ्या गंभीर रिॲक्शनचे आहे आणि अशा रुग्णाला ते औषध पुन्हा कधीही, तपासून पाहण्यापुरतेही, दिले जाऊ नये. औषधाचे नाव, ते कशासाठी दिले होते, मात्रेनंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, काय काय झाले, त्यावर कोणते उपचार करावे लागले आणि त्यानंतर तेच किंवा त्याच गटातले औषध पुन्हा घेतले का, एवढ्या गोष्टी समजल्या म्हणजे इतिहास पूर्ण झाला असे समजावे. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा राहून जातो. पेनिसिलिन ‘चालत नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाने नंतर ॲमॉक्सिसिलिनचा संपूर्ण कोर्स काही त्रास न होता घेतलेला असू शकतो, आणि त्याला स्वतःला ते एकाच गटातले औषध असल्याचे ठाऊक नसते.

रुग्ण औषध बहुधा कंपनीच्या नावाने किंवा गोळीच्या रंगाने ओळखतो. अशा वेळी जुने प्रिस्क्रिप्शन, रिकामे पाकीट किंवा डिस्चार्ज कार्ड आणायला नातेवाइकांना सांगावे आणि नोंद मूळ औषधाच्या नावाने करावी, कारण एकच घटक वेगवेगळ्या नावांच्या आणि संयुक्त गोळ्यांमध्ये दडलेला असतो. डोळ्यांचे थेंब, मलमे, दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, वनौषधी आणि स्कॅनच्या वेळी दिलेले कॉन्ट्रास्ट यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते; रुग्ण त्यांना औषधांत धरत नाही. दमा आहे का आणि बीटा-ब्लॉकर गटातील (हृदयाचे ठोके व रक्तदाब कमी करणारी) गोळी सुरू आहे का, हेही लिहून ठेवावे. दम्याच्या रुग्णात रिॲक्शन अधिक तीव्र होऊ शकते आणि बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात ॲड्रिनलिनचा, म्हणजे तीव्र रिॲक्शनवरील मुख्य औषधाचा, परिणाम अपुरा पडू शकतो.

पहिला डोस

औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि ड्रग चार्टवरील ॲलर्जीची चौकट या दोन्हींशी औषध ताडून पाहावे, आणि शक्य तेथे रुग्णालाही पुन्हा एकदा विचारावे. दाखल होताना घाबरलेल्या रुग्णाला न आठवलेली गोष्ट सिरिंज पाहिल्यावर आठवते. पेनिसिलिनची तात्काळ आणि तीव्र ॲलर्जी नोंदलेल्या रुग्णाला सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनशी रचनेत साम्य असलेल्या गटातील प्रतिजैविक) लिहून आले असेल, तर देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. या दोन गटांतील सामाईक ॲलर्जीचे प्रमाण पूर्वी १० टक्के मानले जात असे, आता ते सुमारे २ टक्के मानले जाते. परंतु धोका पत्करायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

काही वॉर्डांत प्रत्येक प्रतिजैविकाआधी त्वचेत ‘टेस्ट डोस’ देण्याची प्रथा आहे. पूर्वी कोणताही त्रास न झालेल्या रुग्णात अशा सरसकट चाचणीचा भरवसा कमी असतो. चाचणीत काही न आल्याने पूर्ण डोस सुरक्षित ठरतोच असे नाही, आणि सुईमुळे आलेली लाली ॲलर्जी समजली जाण्याचीही शक्यता असते. रुग्णालयाच्या नियमानुसार चाचणी करावी लागत असेल तर जरूर करावी, परंतु ती झाली म्हणून पहिल्या पूर्ण डोसच्या वेळी रुग्णाजवळून निघून जाऊ नये.

शिरेतून दिलेल्या औषधाची तीव्र रिॲक्शन बहुधा काही मिनिटांतच सुरू होते, आणि जीवघेण्या ठरलेल्या घटनांमध्ये हृदयक्रिया बंद पडेपर्यंतचा काळ अनेकदा ५ मिनिटांच्या आसपास असतो. म्हणून नव्या औषधाचा पहिला शिरेतील डोस सांगितलेल्या वेगानेच द्यावा, पहिली काही मिनिटे रुग्णाजवळ थांबावे आणि पुढचा अर्धा तास तो नजरेच्या टप्प्यात राहील असे पाहावे. व्हॅन्कोमायसिनचा १ ग्रॅमचा डोस किमान ६० मिनिटे चालला पाहिजे. ॲड्रिनलिनचे ॲम्प्युल, सिरिंज आणि सुई इमर्जन्सी ट्रेमध्ये हाताशी असावी, कुलूपबंद कपाटात नव्हे. शिफ्ट बदलण्याच्या ऐन गडबडीत असा पहिला डोस सुरू करणे, अन्य कारणाने तातडी नसेल तर, टाळलेलेच बरे. हँडओव्हरच्या वेळी वॉर्डात माणसे दुप्पट असतात, परंतु रुग्णाकडे पाहणारे कोणीच नसते.

तीव्र रिॲक्शन आली तर

अंगावर गांधी उठणे, खाज, ओठ व पापण्या सुजणे, आवाज बसणे, घसा आवळल्यासारखे वाटणे, धाप, घरघर, उलटी, पोटात कळ, रक्तदाब घसरणे आणि ‘काहीतरी वाईट होतेय’ अशी रुग्णाला वाटणारी अनामिक भीती ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र रिॲक्शनची, लक्षणे होत. सर्वच एकदम दिसतील असे नाही. १० ते २० टक्के रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, त्यामुळे अंग स्वच्छ आहे म्हणून थांबून राहू नये. औषध दिल्यानंतर लगेच रक्तदाब कोसळला किंवा श्वास अडखळू लागला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती रिॲक्शनच समजावी.

सर्वप्रथम औषध बंद करून मदतीसाठी हाक मारावी. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढू नये, कारण रक्तदाब कोसळल्यावर नवी शीर मिळणे कठीण होते. मात्र औषध असलेला आयव्ही सेट तसाच ठेवून त्यातून सलाइन सोडल्यास नळीत उरलेले औषध पुन्हा रुग्णाच्या अंगात जाते, म्हणून तो सेट काढून नवा सेट आणि नवी सलाइन जोडावी.

त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने ॲड्रिनलिन भरावे. १:१००० तीव्रतेच्या ॲम्प्युलमध्ये १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम औषध असते. स्नायूत द्यायची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम असून प्रौढांत ती जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि मुलांत सर्वसाधारणपणे ०.३ मिलिग्रॅमपर्यंत असते. इंजेक्शन मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस द्यावे, कारण तेथील मोठ्या स्नायूतून औषध दंडापेक्षा अथवा त्वचेखालून दिल्यापेक्षा लवकर रक्तात पोहोचते. घाईची वेळ असल्यास ते कपड्यावरूनही देता येते. हीच १:१००० ची मात्रा थेट शिरेत ढकलल्यास हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे भरलेल्या सिरिंजवर औषधाचे नाव लिहावे आणि देणाऱ्याने ‘ॲड्रिनलिन, अर्धा मिलिलिटर, स्नायूत’ असे मोठ्याने उच्चारून मगच टोचावे. हे इंजेक्शन डॉक्टर येण्यापूर्वी देण्याचा अधिकार परिचारिकेला आहे की नाही, हे प्रत्येक रुग्णालयाच्या लेखी आदेशावर ठरते. तो आदेश आपल्या वॉर्डात आहे का, हे आजच पाहून ठेवावे. ५ मिनिटांत सुधारणा न झाल्यास मात्रा पुन्हा द्यावी लागते.

रुग्णाला उताणे झोपवून पाय उंच करावेत. धाप जास्त असल्यास त्याला बसू द्यावे, परंतु पाय लांब पसरलेले असावेत. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर ठेवावे. बरे वाटू लागल्यावर रुग्ण स्वच्छतागृहात जाण्यासाठी उठू पाहतो, आणि नेमके हेच धोक्याचे असते. एकदम उभे राहिल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन क्षणात मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ऑक्सिजन, वेगाने सलाइन, नेब्युलायझेशन आणि दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वसन व सॅच्युरेशनची नोंद हे सर्व याच काळात सुरू राहील. खाजेची औषधे आणि स्टेरॉइड मागाहून दिली जातात. ती ॲड्रिनलिनची जागा घेऊ शकत नाहीत, आणि ‘आधी ॲव्हिल-हायड्रोकॉर्टिसोन देऊन पाहू’ या विचारात गेलेला वेळ भरून निघत नाही.

निदान पक्के करण्यासाठी रक्तातील ट्रिप्टेज (अशा रिॲक्शनच्या वेळी पेशींतून बाहेर पडणारे विकर) तपासण्यास सांगितल्यास नमुना लक्षणे सुरू झाल्यापासून शक्यतो १ ते २ तासांत, आणि ४ तासांच्या आत, घेऊन त्यावर वेळ लिहावी. काही रुग्णांत लक्षणे ओसरल्यानंतर काही तासांनी, औषधाचा पुन्हा संपर्क न येताही, दुसरी लाट येते. त्यामुळे रुग्णाला किती तास निरीक्षणाखाली ठेवायचे हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे.

दिवसांनी उमटणारी पुरळ

औषध सुरू झाल्यानंतर आठवडाभराने उठणारे, सौम्य खाजेचे, लालसर पुरळ बहुतेकदा औषध थांबवल्यावर जाते. तरीही रोज आंघोळ घालताना किंवा स्पंज देताना रुग्णाची संपूर्ण त्वचा पाहण्याची संधी परिचारिकेलाच मिळते आणि धोक्याच्या खुणा तिच्याच नजरेस आधी पडतात. ताप, चेहऱ्यावर सूज, त्वचेला हात लावताच दुखणे, फोड, त्वचा सुटून येणे, तसेच तोंड, डोळे किंवा जननेंद्रियावर व्रण यांपैकी काहीही दिसले, तर पुढचा डोस रोखून डॉक्टरांना तत्काळ कळवावे. त्वचा सोलवटून काढणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम बहुधा औषध सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत, तर ताप, सुजलेल्या गाठी आणि यकृताची हानी घेऊन येणारा ‘ड्रेस’ (DRESS) हा प्रकार २ ते ८ आठवड्यांत दिसतो. ॲलोप्युरिनॉल, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन आणि सल्फा गटातील प्रतिजैविके ही यामागची नेहमीची औषधे आहेत.

त्वचा सुटून येत असलेल्या रुग्णाची त्वचा भाजलेल्या त्वचेप्रमाणे हाताळावी लागते. चिकटपट्टी लावू नये, इलेक्ट्रोड आणि कॅन्युला न चिकटणाऱ्या पट्टीने बांधावेत, चादरीवरून रुग्णाला ओढण्याऐवजी उचलून सरकवावे, खोली उबदार ठेवावी आणि डोळ्यांची निगा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनुसार न चुकता घ्यावी, कारण दुर्लक्ष झाल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

रोजच्या दुष्परिणामांवर नजर

येथे प्रत्येक औषधाची यादी देण्यात अर्थ नाही. ज्यांत परिचारिकेच्या निरीक्षणाने खरोखर फरक पडतो, अशा काहींचाच विचार करू.

मॉर्फिनसारख्या औषधात श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. म्हणून केवळ श्वास मोजून न थांबता रुग्ण हाकेला कसा प्रतिसाद देतो, बोलता बोलता झोपी जातो का, हे प्रत्येक डोसपूर्वी पाहावे. नॅलोक्सोन हा मॉर्फिनवरचा उतारा दिल्यावर रुग्ण जागा होतो, परंतु त्याचा परिणाम अनेकदा मूळ औषधाआधीच संपतो आणि गुंगी परतते. त्यामुळे त्यानंतरचा तास-दोन तासांचा काळ अधिक सावधगिरीचा असतो. बद्धकोष्ठतेचे औषध मॉर्फिनसोबतच सुरू करण्याची आठवण डॉक्टरांना करून द्यावी.

डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजावेत आणि प्रौढात ते ६० पेक्षा कमी भरल्यास डोस थांबवून कळवावे. मळमळ, भूक मंदावणे आणि सगळे पिवळसर दिसणे या तक्रारी वयामुळे आहेत असे मानून सोडून देऊ नयेत. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि तो शुद्धीवर असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला साखर उतरल्यावर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र सुटतो. रक्तदाबाच्या औषधानंतर चक्कर येत असेल, तर रक्तदाब झोपलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरल्यास ती नोंद डॉक्टरांपर्यंत जायलाच हवी.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातील गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि क्वचित जीभ व ओठ सुजतात. ही सूज गांधीशिवाय, अनेक महिन्यांनंतरही येऊ शकते आणि नेहमीच्या ॲलर्जीच्या औषधांना ती फारशी दाद देत नाही, त्यामुळे लक्ष श्वासमार्गावर ठेवावे लागते.

काही परिणाम निरुपद्रवी असूनही रुग्णाला घाबरवतात. रिफाम्पिसिनने लघवी आणि अश्रू नारिंगी होतात, लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो. हे आधीच सांगून ठेवले नाही, तर रुग्ण घरी गेल्यावर औषध बंद करून टाकतो. मात्र डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त काळे शौच लोहामुळे नसून पोटातील रक्तस्रावामुळे असू शकते, हा फरक त्याला समजावून द्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध लिहिले जाते. अम्लोडिपिनने पाय सुजलेल्या रुग्णाला लघवीची गोळी सुरू होणे, हे त्याचे ठरलेले उदाहरण. नवी तक्रार आली, की गेल्या काही आठवड्यांत कोणते औषध सुरू झाले किंवा वाढले, हे चार्टवर पाहण्याची सवय त्यासाठी उपयोगी पडते.

नोंद आणि रुग्णाच्या हातातला कागद

‘रिॲक्शन आली, डॉक्टरांना कळवले’ ही नोंद अपुरी आहे. ‘सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम शिरेतून सकाळी १०.०० वाजता सुरू, १०.०४ ला मानेवर व छातीवर गांधी, घरघर, रक्तदाब ८०/५०, सॅच्युरेशन ८८, १०.०५ ला औषध बंद, सेट बदलला, १०.०६ ला ॲड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम उजव्या मांडीत, १०.१२ ला रक्तदाब १००/६०’ अशी नोंद असेल, तर वर्षांनंतरही ती वाचणाऱ्या डॉक्टरला निर्णय घेता येतो. बॅच क्रमांक आणि रिकामी बाटलीही जपून ठेवावी.

संशयित रिॲक्शन औषध-सुरक्षा यंत्रणेला कळवण्यासाठी कारण सिद्ध झालेले असण्याची गरज नसते, संशय पुरतो. थॅलिडोमाइडमुळे जन्मजात व्यंगे होतात हे १९६१ मध्ये उघड झाल्यानंतरच अशा नोंदी जगभरातून गोळा करण्याचा विचार पुढे आला आणि जागतिक आरोग्य संघटनेचा त्यासाठीचा कार्यक्रम १९६८ मध्ये सुरू झाला. तो आजही प्रत्यक्ष रुग्णाजवळ असलेल्यांनी भरलेल्या फॉर्मवरच चालतो.

घरी जाताना रुग्णाला मूळ औषधाचे नाव, काय झाले, कधी झाले आणि त्या गटातील आणखी कोणती औषधे टाळायची हे लिहिलेले कार्ड द्यावे, आणि तेच एका नातेवाइकालाही समजावून सांगावे. रुग्णाला त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावले, की काय कळले आणि काय राहिले हे लगेच दिसते. केवळ मळमळ किंवा जुलाब झाले असतील, तर ते ‘ॲलर्जी’ या चौकटीत न लिहिता ‘सहन न झालेली औषधे’ असे वेगळे लिहावे. कार्डाची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक औषध दुकानदाराकडे दाखवायला सांगावी, कारण पुढची गोळी बहुधा त्यांच्याच हातून रुग्णापर्यंत जाते.